वय अंदाजे तीन

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी परंड्यात नागसेनच्या घरी एक अनोळखी पाहुणा आला, आणि त्यानं पिशवीतून एक कागद काढल्यावर घरातलं बोलणंच थांबलं.

नागसेनची लेक वृषाली त्या दिवशी माहेरी होती. ती धाराशिव जिल्ह्यातल्याच वाशीजवळच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका. नवरा राजपाल वाशीलाच शाळेत शिक्षक. दर पंधरवड्याला ती एसटीनं परंड्याला यायची, आबांच्या गोळ्या आणून द्यायची, मायच्या डोक्याला तेल लावायची आणि दुपारच्या गाडीनं परत जायची. तेव्हाही ती उंबऱ्याशी बसून मायचे, म्हणजे पुतळाबाईचे, केस विंचरत होती. दारात सत्तरीचा एक माणूस येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, काखेत कागदांनी फुगलेली कापडी पिशवी.

"नागसेन कुठं राहतात? बांधकाम खात्यात रस्त्याच्या कामावर मैलकुली होते ते?"

"म्याच की. या, बसा," नागसेन बाजेवरून उठत म्हणाला.

पाहुण्यानं पाणी घेतलं, चहाला नको म्हटलं, मग घेतला. "मी गौरीशंकर. लोहारा तालुक्यातलं कल्लापूर माझं गाव. मास्तर होतो, आता रिटायर. त्र्याण्णवच्या भूकंपात गाव गेलं आमचं. कोण गेलं, कोण वाचलं, सगळं लिहून काढतोय. पुढच्या पोरांना ठाऊक नको का? गेल्या महिन्यात गावच्या मदत छावणीच्या जुन्या वह्या मिळाल्या. त्यात तुमचं नाव निघालं."

त्यानं झेरॉक्स काढली, चष्मा पुसला आणि वाचलं, "मुलगी. वय अंदाजे तीन. नाव माहीत नाही. चौकशीस कोणी आले नाही. सांभाळण्यासाठी ताब्यात दिली, नागसेन, मैलकुली, राहणार परंडा. तारीख तेरा ऑक्टोबर." मग मान वर करून त्यानं विचारलं, "त्या मुलीचं पुढं काय झालं हो? हाय का?"

वृषालीच्या हातातला कंगवा मायच्या केसांतच राहिला. ती आबांकडं बघत होती. आबांनी नजर खाली घातली. मायनं मात्र वळून वृषालीचा हात धरला, आणि तिला कळायचं ते कळलं.

"आबा," ती म्हणाली, "कोण ही मुलगी?"

नागसेनला सत्त्याहत्तरावं चालू होतं. त्यानं लपवायचा प्रयत्न केला नाही. खाली बघत, एकाच सुरात, त्यानं सगळं सांगितलं. भूकंपानंतर त्यांच्या टोळीला ट्रकात घालून कल्लापूरला ढिगारे उपसायला नेलं होतं. वरून पाऊस, खाली चिखल. तिसऱ्या दिवशी एका गल्लीत, जिथं तीन घरांची मातीची माळवदं एकमेकांवर कोसळली होती, तिथं खालून बारीक आवाज आला. दगड काढले तर आडव्या पडलेल्या तुळईखाली एक पोरगी. अंगावर झबलं, तेही फाटलेलं. 'नीर, नीर' एवढंच म्हणत होती.

"मला वाटलं, तिचं नाव निरा आसंल. मग उमरग्याकडचा एक गडी म्हणला, आरं ती पाणी मागतिया. कानडीत नीर म्हंजे पाणी." नागसेननं एकदा वृषालीकडं बघितलं. "धा-अकरा दिवस तंबूत ठिवली तुला. कुणीबी आलं न्हाय. आमाला लेकरू नव्हतं. सायब म्हणले, ने. म्या आणलं. शाळेत नाव घालताना माझंच नाव लावलं. बास."

"मला कधी सांगितलं का न्हाई?"

"कधी सांगायचं व्हतं?" नागसेननं विचारलं. तो खरंच विचारत होता.

गौरीशंकर मास्तर ओशाळले होते. त्यांना वाटलं होतं की घरात सगळ्यांना ठाऊक असणार. जाताना त्यांनी वृषालीला आपला नंबर दिला आणि हळूच म्हणाले, "पोरी, एक सांगू का? आमच्या गावात एक सिद्धम्मा म्हणून हाय. तिची तीन वर्षांची पोरगी त्याच गल्लीत गेली. सापडली नाही. तुला वाटलं तर ये. नाही वाटलं तर मी आलोच नव्हतो असं समज."

वृषाली दुपारच्या गाडीनं वाशीला परत निघाली. गाडीत तिला रडू आलं नाही. ती सारखी आपले हात बघत होती. लहानपणापासून सगळे म्हणायचे की पोरीची बोटं बापावर गेलीत, लांबसडक. ती बोटं आता कुणाची होती?

घरी आल्यावर तिनं राजपालला सांगितलं. राजपाल शांत माणूस, पण तो उठून आधी दार लावून आला.

"कल्लापूरची सिद्धम्मा म्हणजे लिंगायत असणार," तो म्हणाला. "हे अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. तुझी नोकरी कोणत्या जागेवर आहे, ठाऊक आहे ना? जातीचा दाखला, पडताळणी, सगळं आबांच्या कागदांवर झालंय."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता आलं आणि बसलं. दुसऱ्या आठवड्यात राजपाल धाराशिवला एका वकील मित्राला भेटून आला. नाव न घेता त्यानं विचारलं होतं. वकील म्हणाला, लहानपणापासून त्या समाजात वाढली, समाजानं आपली मानली, तिनं तेच भोगलं, तर तिला त्या समाजाचीच म्हणता येईल. आणि जन्मावरच बोट ठेवायचं म्हटलं तर तसंही म्हणता येईल.

"म्हणजे नेमकं काय?" वृषालीनं विचारलं.

"तेच मीही त्याला विचारलं. तो म्हणाला, चहा घे."

भोगलं. हा शब्द तिच्या मनात राहिला. पाचवीत असताना मैत्रिणीच्या घरी तिला ओट्यावर पाणी दिलं होतं, वेगळ्या पेल्यातून, वरून ओतून. आबांनी विचारल्यावर ती रडली होती आणि आबा म्हणाले होते, "रडू नगं. शिक." चौदा एप्रिलला पांढरी साडी नेसून मिरवणुकीत ती लेझीम खेळली होती. लग्नात त्रिशरण म्हटलं होतं. हे सगळं तिचंच होतं; त्यात काही खोटं नव्हतं. पण तो पेला वरून ओतणाऱ्या बाईला जर कुणी सांगितलं असतं की ही पोरगी जन्मानं लिंगायताची, तर तिनं पेला खाली आणला असता का? आणि मग ते पाणी वृषाली प्याली असती का?

भाद्रपद लागल्यावर ती राजपालला म्हणाली, "मला एकदा जाऊन यायचंय." राजपालनं सुट्टी टाकली.

नवीन कल्लापूर माळावर होतं. सरकारनं बांधलेली एकसारखी घरं, रुंद रस्ते. भूकंपानं सगळ्यांना एकाच मैदानात आणून टाकलं होतं, पण घरं वाटून घेताना पुन्हा ज्याची त्याची गल्ली झाली होती. गौरीशंकर मास्तर चालता चालता सांगत होते, इकडं लिंगायत, पलीकडं मराठे, त्या टोकाला बौद्धवाडा. राजपालनं त्या टोकाकडं वळून बघितलं.

सिद्धम्मा पंचाहत्तरीची, ठेंगणी, कमरेतून एका बाजूला झुकलेली बाई. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. ती दारातच उभी होती. वृषाली पायऱ्या चढताच तिनं दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं.

"बा, यव्वा, बा," ती म्हणाली. "ये, आत ये."

आत पाट मांडले होते. तिनं हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली होती, वर तूप. घास घेताना वृषालीला वाटलं, आता काहीतरी आठवेल. चव, वास, बाईचा आवाज, काहीतरी. हुग्गी गोड होती. आठवलं काहीच नाही.

जेवण झाल्यावर सिद्धम्मानं विभूतीची डबी आणली आणि बोटं वृषालीच्या कपाळाकडं नेली. वृषाली नकळत मागं सरकली. राजपाल बघत होता. म्हातारीची बोटं मधेच थांबली.

"आमच्यात लावत न्हाईत," वृषाली म्हणाली, आणि 'आमच्यात' म्हटल्यावर तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"न्हाई तर न्हाई," सिद्धम्मानं बोटं आपल्याच कपाळाला पुसली. "माझी महानंदा पण लावू द्यायची न्हाई. पळायची."

सिद्धम्माचा मुलगा शिवानंद पुण्याहून मुद्दाम आला होता. तो भूकंपाच्या वेळी सहा वर्षांचा होता, मामाच्या गावी होता म्हणून वाचला. बाप ईरण्णा गेला, धाकटी बहीण गेली. तो वृषालीशी चांगलं बोलला, ताई म्हणाला, पण त्याची नजर तपासत होती. शेवटी तो म्हणाला, "ताई, राग नका मानू. आई म्हातारी झाली. तिला खोटी आशा लागायला नको. आजकाल डीएनए तपासणी होते. गालाच्या आतली लाळ देतात, तीन-चार आठवड्यांत कळतं."

"मला चालंल," वृषाली म्हणाली. तिलाही आता कागदच हवा होता. एक तरी कागद, ज्यावर अंदाजे असं लिहिलेलं नसेल.

परत निघायच्या आधी मास्तर त्यांना जुन्या गावठाणात घेऊन गेले. सगळीकडं वेडी बाभूळ माजली होती. दगडांचे ढीग, मधूनच एखादी चौकट. जिथून जुनं गाव सुरू व्हायचं तिथं काळ्या दगडाचा स्तंभ होता आणि त्यावर गेलेल्यांची नावं. मास्तरांनी एका ओळीवर बोट ठेवलं. 'कु. महानंदा ईरण्णा, वय ३.' मेलेल्यांच्या यादीतलं ते नाव कदाचित आपलं असेल, असं वृषालीला वाटलं.

पण मास्तरांचं बोट तिथं थांबलं नाही. ते खाली सरकलं.

"मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "नागसेन म्हणाले, तीन घरं एकावर एक पडली होती. त्या गल्लीतल्या तीन पोरी सापडल्या नाहीत. ही बघ, शिवकन्या बलभीम. मराठ्याची. भिंतीला भिंत लागून घर. आणि ही..." बोट आणखी खाली गेलं. 'लक्ष्मीबाई व मुलगी.'

"मुलीचं नाव?"

"कुणाला आठवत नाही. लक्ष्मीबाईचा नवरा ईरण्णांकडं सालगडी होता. त्यांचं घर बौद्धवाड्यात, पण पावसात ते गळायचं. म्हणून ती तिघं तेवढे दिवस ईरण्णांच्या गोठ्यात निजायची. त्यांच्यातलं कुणीच राहिलं नाही."

"पण मी कानडी बोलत होते म्हणतात ना?" वृषाली घाईनं म्हणाली. "मग मी मराठ्याची कशी असंन? बौद्धाची तरी कशी?"

मास्तर हसले, पण ते हसू सुखाचं नव्हतं. "त्या गल्लीत सगळीच पोरं पाण्याला नीर म्हणायची, पोरी. घरात आईबाप काय वाटेल ते बोलू देत. तीन वर्षांचं लेकरू गल्लीची भाषा बोलतंय."

परत येताना लोहारा मागं पडेपर्यंत राजपाल समोर बघत मोटारसायकल चालवत राहिला. मग मान जरा वळवून म्हणाला, "त्या लक्ष्मीबाईची असशील तर किती बरं. म्हणजे तू आपलीच निघशील."

"आपलीच निघशील म्हणजे?" वृषालीनं विचारलं. "चौदा वर्षं झाली लग्नाला. मग आजपर्यंत कुणाची होते?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मग कसं म्हटलं?"

त्यानं गाडीचा वेग वाढवला.

शिवकन्येचा बाप बलभीम हयात होता. सोलापूरला मुलापाशी राहत होता. दुसरं लग्न, दोन मुलगे, नातवंडं. नंबर मास्तरांनीच दिला. वृषालीनं चार दिवस घालवले आणि मग एका दुपारी उपकेंद्रातून फोन लावला. बलभीमनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मधेच त्याचा आवाज कापरा झाला. "तुळईखाली? आमच्या ओसरीची तुळई लई मोठी व्हती. सागाची. तिच्याखालीच निजायची ती." त्यानं नाक ओढलं. "कितवी शिकलीस माय तू?"

"नर्सिंग केलंय. सरकारी नोकरी हाय."

"ब्येस. ब्येस झालं. आणि तुला नेलं कुणी? कुणाच्या घरात वाढलीस?"

वृषालीनं आबांचं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं.

"न्हाय," बलभीम म्हणाला. त्याचा आवाज आता सरळ झाला होता. "आमची शिवकन्या मला घावली व्हती. फराक वळखला म्या. माझ्या हातानं अग्नी दिला तिला. तू दुसरीकडं बघ."

"पण मास्तर म्हणाले की ती सापडलीच..."

"मास्तराला काय ठावं? सुखी ऱ्हा माय." आणि फोन ठेवला.

वृषालीनं मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "तेव्हा एकेका चितेवर दहादहा ठेवले होते. ओळखलं असंल त्यानं फ्रॉक. खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. खरं बोलतोय असंही म्हणवत नाही." बलभीमला फ्रॉक आठवला तो आडनाव ऐकल्यावरच का, हे तो सोडून कुणालाच सांगता आलं नसतं, आणि कदाचित त्यालाही नसतं.

तोवर सिद्धम्माचे फोन सुरू झाले होते. रोज संध्याकाळी सहाला. जेवलीस का, आज किती बाया तपासल्या, पाऊस आहे का तिकडं. वृषाली तिला काय म्हणावं ते न कळून 'अहो' एवढंच म्हणायची. पण साडेपाच झाले की तिचं लक्ष फोनकडं जायचं. परंड्याच्या मायचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, तोही आता येत नव्हता. तीच फोन करायची तेव्हा माय म्हणायची, "गेलीस व्हय तिकडं? काय म्हणली ती बाई? काही आठवलं का तिला? छावणीचं काही बोलली का?" पुन्हापुन्हा तेच. वृषालीला वाटायचं, माय जळते आहे. ती तुटक उत्तरं द्यायची.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात शिवानंदनं तपासणीचा कागद मोबाइलवर पाठवला. खाली त्यानं मराठीत लिहिलं होतं, 'ताई, जुळत नाही. आईला मीच सांगितलं. तुम्ही नका सांगू.'

वृषालीनं तो निरोप तीनदा वाचला. सुटल्यासारखं वाटलं. नोकरीची भीती निम्म्यानं कमी झाली, असा हिशेबही तिच्या मनात आला आणि तिला स्वतःची लाज वाटली. मग सहा वाजले. फोन आला नाही. साडेसहा झाले, सात झाले. राजपालनं विचारलं, "का रडतेस? तूच म्हणत होतीस, काही आठवत नाही म्हणून." जी आपली नव्हतीच तिच्यासाठी रडावं का, आणि आपली नव्हती म्हणून रडावं का, हे तिला कळत नव्हतं.

रविवारी ती परंड्याला गेली. आबा बाहेर कट्ट्यावर होते. माय चुलीपाशी भाकरी थापत होती. वृषालीनं उभ्याउभ्याच सांगितलं, "माय, ती सिद्धम्मा माझी आई न्हाई. तपासणीत निघालं."

माय खुश होईल असं तिला वाटलं होतं. पुतळाबाईचा थापता हात थांबला. ती वृषालीकडं बघत राहिली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मग ती बाई कोण व्हती?"

"कोणती बाई?"

भाकरी परातीतच राहिली. पुतळाबाईनं पिठाचे हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

"तुज्या आबाला ठावं न्हाय," ती म्हणाली. "त्यो ट्रकावर व्हता. भूकंपाच्या बाराव्या दिशी म्या तुला बघाया छावणीत आले व्हते, तंबूत तुला घिऊन बसले व्हते. तुला ताप व्हता, नुकतीच निजली व्हतीस. येक बाई आली. डोस्क्याला फडकं बांधल्यालं. येकेका लेकराचं तोंड बघत बघत आली. माज्यापशी आली आन् हात केला, की दाखव. म्या तुला पदराखाली घेतलं." तिनं परात बाजूला सारली. "म्या म्हणलं, ही माजी हाय."

"मग?"

"मग काय? हुबी ऱ्हायली वाईच. गेली निघून."

वृषाली खाली बसली. तोंडातून प्रश्न एकामागून एक निघाले, जसे ती वस्तीवर रजिस्टर भरताना विचारायची तसे. "कपाळाला काय होतं? विभूती? कुंकू?"

"चिखल व्हता."

"गळ्यात? लिंग होतं का? मंगळसूत्र?"

"न्हाय बघितलं. फडकं गळ्यापातूर आल्यालं."

"लुगडं कसं नेसली होती? काही बोलली का? कानडी की मराठी?"

"बोलली न्हाय गं. नुस्ता हात केला. लुगडं समद्यास्नी वाटल्यालं व्हतं, येकाच रंगाचं. समद्या बाया सारख्याच दिसत व्हत्या." पुतळाबाई आता मोठ्यानं रडत होती. "मला वाटलं, तीच ही सिद्धम्मा. रोज वाटायचं, आज ती तुला सांगंल, उद्या सांगंल. ती न्हाय तर कोण व्हती ती? कुणाचं लेकरू घेतलं म्या?"

तिला जवळ घ्यावं की तिथून उठून जावं, वृषालीला काहीच ठरवता येईना. पस्तीस वर्षांची ती, आणि तिच्या आईनं तिला चोरलं होतं, किंवा वाचवलं होतं. शेवटी तव्यावरची भाकरी करपायला लागली म्हणून तिनं उठून ती उलटली.

पुढच्या रविवारी ती पुतळाबाईला घेऊन कल्लापूरला गेली. जायचं पुतळाबाईनंच ठरवलं होतं. "तिला तरी इचारू," ती म्हणाली, "तिला ठावं आसंल कोण वाचलं व्हतं." नागसेनला त्यांनी सांगितलं की असंच जाऊन येतोय. त्यानं जास्त विचारलं नाही. त्यानं कधीच जास्त विचारलं नव्हतं.

सिद्धम्मा ओसरीत बसली होती. या वेळी तिनं वृषालीचं तोंड धरलं नाही. पण पुण्याहून आलेल्या सुनेला चहा ठेवायला सांगितलं. पुतळाबाई तिच्यासमोर बसली आणि खाली मान घालून तिनं सगळं सांगून टाकलं. सिद्धम्माला तिची बोली अर्धी कळत होती. अर्धी मास्तर समजावत होते.

"मी न्हाई ती," सिद्धम्मा म्हणाली. "माझी कंबर मोडली होती. दोन महिने सोलापूरला दवाखान्यात पडून होते." ती विचार करत राहिली. "बलभीमची बाई त्याच पहाटे गेली, ते मी बघितलंय. पण लक्ष्मी..."

"लक्ष्मीबाईचं काय?" मास्तरांनी विचारलं.

"तिला बाहेर काढली होती ना जिवंत? डोक्याला मार होता. लष्कराच्या गाडीत घालून नेली. नंतर कुणी बघितली?"

मास्तर गडबडले. त्यांनी वही काढली, पानं चाळली. "सगळे म्हणाले, गेली. म्हणून मी लिहिलं गेली. स्तंभावरही तेच. पण मेलेली बघितली, असं म्हणणारा..." त्यांनी वही मिटली. "कुणीच नाही."

म्हणजे लक्ष्मीबाई कुठंतरी जिवंत असेल. किंवा तंबूतून निघून गेल्यावर कधीच मेली असेल. किंवा डोक्याला फडकं बांधलेली ती बाई चौथीच कुणीतरी, शेजारच्या गावची, दुसऱ्याच लेकराला शोधणारी असेल. मास्तर म्हणाले, सोलापूरच्या दवाखान्यांत जुने कागद बघतो. वृषाली म्हणाली, बघा.

निघताना सिद्धम्मानं दोघींना बोलावून घेतलं. पुतळाबाईला ती म्हणाली, "माझी असती तर मी तुला शिव्या दिल्या असत्या. आता काय देऊ?" आणि वृषालीला म्हणाली, "तू माझी न्हाईस, कळलंय मला. पण सहा वाजले की हात फोनकडं जातोय. काय करू, सांग."

"करा की," वृषाली म्हणाली.

संध्याकाळची तुळजापूर गाडी गच्च भरलेली होती. पुतळाबाईला एका जाड बाईनं सरकून जागा दिली. वृषाली दांडीला धरून उभी राहिली. बाई बोलकी होती. कुठून आलात, कुठं जाणार, लेक का सून, सगळं विचारून झालं.

"लेक हाय माजी," पुतळाबाई म्हणाली. जरा मोठ्यानंच म्हणाली.

"नोकरी करतीया वाटतं. आडनाव काय म्हणायचं?"

"गायकवाड," वृषालीनं सासरचं आडनाव सांगितलं.

"कंचे गायकवाड?"

मराठा गायकवाड की बौद्ध, हा प्रश्न तिला लग्नापासून शंभर वेळा विचारला गेला होता. उत्तर देताना कधी मान ताठ व्हायची, कधी आवाज उगाच चढायचा, पण उत्तर पाठ होतं. आत्ताही ते जिभेवर आलं. तेच खरं होतं, असं तिला वाटलं. पण खरं म्हणजे नेमकं काय, हे या दोन महिन्यांत तिला कुणी सांगू शकलं नव्हतं. वकिलानं नाही, मास्तरांनी नाही, त्या तपासणीच्या कागदानंही नाही.

"नीट ठाऊक न्हाई, काकू," ती म्हणाली. "शोधायलोय आम्ही."

ती बाई तिच्याकडं बघत राहिली. आपली चेष्टा करते आहे असं तिला वाटलं असावं. "बरं बाई," असं म्हणून तिनं तोंड खिडकीकडं वळवलं. पुतळाबाईनं मात्र उभ्या असलेल्या वृषालीचा पदर मुठीत धरला होता, आणि गाडी नळदुर्गच्या स्टँडात शिरेपर्यंत तो सोडला नाही. वृषालीनंही तो सोडवून घेतला नाही.